खरे, खोटे आणि खोटे-खोटे

मावळ तालुक्याचे नाव घेतले की लोहगड-विसापूरचे किल्ले आठवतात, कार्ले-भाजे येथील लेणी आठवतात, तुकोबारायांच्या चिंतनाने पावन झालेला भंडाऱ्याचा डोंगर आठवतो. याच तालुक्यात, लोणावळ्यात, २००६ च्या नोव्हेंबर महिन्यात एक वेगळेच घर प्रेक्षकांसमोर आले. त्या घराला स्वयंपाकघर होते, शयनगृहे होती, अंगणही होते. परंतु त्याच्या भिंतींतून आणि आरशांमागून कॅमेरे अहोरात्र पाहत होते. नेदरलँड्समध्ये १९९९ साली सुरू झालेल्या 'बिग ब्रदर' या कार्यक्रमाची ती भारतीय आवृत्ती, 'बिग बॉस'. पुढील बहुतेक पर्वांसाठी हे घर लोणावळ्यातच नव्याने उभे राहत असे. २०१८ साली मराठी 'बिग बॉस'चे पहिले पर्वही तेथेच रंगले. २०१९ साली हिंदी कार्यक्रमाचा मुक्काम गोरेगावच्या चित्रनगरीत हलला.

आंदर मावळातील नवलाख उंबरे हे गाव लोणावळ्यापासून फार दूर नाही. तळेगावच्या औद्योगिक वसाहतीने या गावाचे शिवार बदलून टाकले. भातखाचरांच्या जागी कारखान्यांच्या शेड आल्या, बैलगाडीच्या वाटेवर कंटेनर धावू लागले आणि घराघरांत आधी केबलची तार, मग तबकडी, मग मोबाईल आला. या गावातील मुलाने 'बिग बॉस'चे घर पडद्यावर पाहिले तर त्याला काय सांगावे? ते घर खरे की खोटे? माणसे खरी आहेत. त्यांची भांडणेही त्या क्षणी घडलेली आहेत. परंतु त्या माणसांची निवड कोणी तरी केलेली असते, भांडणाला निमित्त कोणी तरी पुरवलेले असते आणि चोवीस तासांतून निवडक प्रसंग कापून, त्यांना संगीताची जोड देऊन तासाभराचा खेळ कोणी तरी रचलेला असतो. मोठ्यांनाही ज्याचे उत्तर एका शब्दात देता येत नाही, तो प्रश्न सहा-सात वर्षांच्या मुलापुढे दररोज उभा राहतो, आणि बहुतेक वेळा त्या प्रश्नाशी ते एकटेच झुंजत असते.

भाषेने जपलेला भेद

या प्रश्नाची चर्चा करताना सर्वसाधारणपणे दोनच कप्पे केले जातात. एक खऱ्याचा, दुसरा खोट्याचा. मराठी मुलांच्या बोलीत मात्र तीन कप्पे आहेत. भातुकली मांडून बसलेली मुलगी रिकामी कपबशी पुढे करते आणि सांगते, हा खोटा-खोटा चहा आहे. ती खोटे बोलत नसते. तिला ठाऊक असते की कपात चहा नाही. समोरच्याला ठाऊक असते की कपात चहा नाही. तरीही दोघे फुंकर घालून तो पितात. 'खोटे' हा शब्द एकदा उच्चारला की त्यात फसवणूक असते. तोच दोनदा उच्चारला की त्यात खेळ असतो. खोट्यामध्ये एकाला माहीत असते आणि दुसऱ्यापासून लपवलेले असते. खोट्या-खोट्यामध्ये दोघांनाही माहीत असते आणि दोघांनीही मान्य केलेले असते.

मुलाला खरे आणि खोटे-खोटे यांतील फरक उपजत कळत नसला, तरी तो फार लवकर कळू लागतो. अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठातील मानसशास्त्रज्ञ जॉन फ्लेव्हेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९० साली एक साधा प्रयोग प्रसिद्ध केला. लाह्यांनी भरलेला वाडगा मुलांना दूरचित्रवाणीच्या पडद्यावर दाखवला आणि विचारले, हा संच उलटा केला तर लाह्या सांडतील का? तीन वर्षांच्या अनेक मुलांनी 'सांडतील' असे उत्तर दिले. चार वर्षांच्या मुलांना मात्र बहुतांशी कळलेले होते की पडद्यावर आहे ते चित्र आहे, वस्तू नव्हे. एका वर्षात एवढी मजल! पुढे शाळेच्या पहिल्या इयत्तांत मुलाला उमगते की बातम्या वेगळ्या आणि कार्टून वेगळे. त्यानंतर उमगते की पोलीस झालेला माणूस घरी गेल्यावर पोलीस नसतो, तो नट असतो. ही शिडी प्रत्येक मूल चढते. प्रश्न आहे तो पायऱ्यांच्या मधल्या काळाचा, आणि शिडीच्या शेवटच्या पायरीचा. ती शेवटची पायरी म्हणजे खोटे-खोटे आणि खोटे यांतील फरक.

मधल्या पायऱ्यांवरचा धोका

मधल्या काळातील धोका आपल्याकडे पुरेसा अनुभवास आलेला आहे. सप्टेंबर १९९७ ते मार्च २००५ या काळात दूरदर्शनवर 'शक्तिमान' ही मालिका गाजली. शक्तिमान आपल्याला वाचवायला येईल या भरवशावर मुलांनी जीव धोक्यात घातल्याच्या बातम्या त्या काळात वृत्तपत्रांतून आल्या. त्यांतील किती घटनांचा मालिकेशी खरोखर संबंध होता यावर पुष्कळ वाद झाला. परंतु मुख्य भूमिका करणाऱ्या मुकेश खन्ना यांना स्वतः पडद्यावर येऊन मुलांना समजावावे लागले, एवढे तर सर्वांनी पाहिले. म्हणजे पात्राला आपल्या वेषातून बाहेर येऊन सूत्रधाराची जागा घ्यावी लागली.

काल्पनिक कथेचेच भय असते असेही नाही. कोलकात्याच्या अलीपूर तुरुंगात १४ ऑगस्ट २००४ रोजी एका गुन्हेगाराला फाशी देण्यात आली. त्याच्या आगेमागे वृत्तवाहिन्यांनी हा विषय दिवसेंदिवस चघळला. त्यानंतर खेळता खेळता त्या प्रसंगाची नक्कल करताना मुलांचे प्राण गेल्याच्या बातम्या प्रसिद्ध झाल्या. तेथे बातमी खरी होती. मुलांनी तिचा खोटा-खोटा खेळ केला आणि त्यातून खरा मृत्यू आला. वाहिन्यांच्या संपादकांना आपल्या श्रोतृवर्गात पाच-सात वर्षांची मुलेही बसलेली आहेत याचे भान त्या वेळी कितपत होते?

मुले पाहिलेले करून पाहतात, हे काही केवळ निरीक्षण नाही. अल्बर्ट बंडुरा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६३ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात मुलांच्या एका गटाने प्रत्यक्ष माणसाला बाहुल्याला झोडपताना पाहिले, दुसऱ्याने तेच चित्रपटात पाहिले आणि तिसऱ्याने मांजराचा वेष घेतलेल्या पात्राकडून कार्टूनच्या थाटात पाहिले. ज्यांनी यांतील काहीच पाहिले नव्हते त्यांच्यापेक्षा तिन्ही गटांतील मुले बाहुल्याशी अधिक आक्रमकपणे वागली. 'हे कार्टून आहे, मुलांना कळते' हा पालकांचा दिलासा येथे अपुरा ठरतो. खोटे आहे हे कळणे वेगळे आणि त्याचा परिणाम न होणे वेगळे.

परंपरेने दिलेला सूत्रधार

आपल्या समाजाला खोट्या-खोट्याचे वावडे कधीच नव्हते. उलट त्याची मोठी परंपरा आपल्याकडे आहे, आणि त्या परंपरेचा एक गुण आज विसरला गेला आहे. संस्कृत नाटकाच्या आरंभी नांदी होते, सूत्रधार येतो आणि आज कोणते नाटक करावयाचे आहे ते प्रेक्षकांना सांगतो. सांगलीत १८४३ साली विष्णुदास भाव्यांनी 'सीतास्वयंवर' रंगभूमीवर आणले, तेव्हाही सूत्रधार पदे गात होता आणि पात्रे त्याच्या सांगण्यावर उभी होती. तमाशात आधी गण, मग गवळण, मग बतावणी, आणि त्यानंतर वग. कीर्तनकार आख्यानात रंगला की कंसाच्या दरडावणीने बोलतो, देवकीच्या कंठाने रडतो, आणि दुसऱ्याच क्षणी टाळ उचलून श्रोत्यांना विठ्ठलनामाच्या गजरात ओढून घेतो. मांडीवर बसलेल्या नातवाला त्या एका गजराने कळते की कंस गेला आणि बुवा परत आले.

बहुरूप्याचे उदाहरण तर सर्वांत बोलके आहे. पोलिसाचा वेष करून तो दारात उभा राहतो, हातातला कागद फडकावून वॉरंट आणल्याची बतावणी करतो. मुले आईच्या पदराआड दडतात. थोड्या वेळाने त्याच्या बोलण्यातील विसंगती ध्यानात येते, मोठी माणसे हसू लागतात, मुलेही हसतात. शेवटी बहुरूपी मुजरा करून बक्षिसीसाठी हात पुढे करतो. भीती, शंका, उलगडा आणि हसू, हे चारही टप्पे मूल दहा मिनिटांत अनुभवते, तेही घरच्यांच्या देखत. खऱ्या-खोट्याची यापेक्षा उत्तम शिकवणी कोणती?

काशीजवळच्या रामनगरच्या रामलीलेत राम-लक्ष्मण-सीता झालेल्या बालकांना 'स्वरूप' मानून त्यांची आरती होते. लीला आटोपून मुकुट उतरला की ती पुन्हा गावची मुले असतात. आरती करणाऱ्याला हे दोन्ही ठाऊक असते आणि दोन्हींत त्याला विरोध दिसत नाही. जानेवारी १९८७ ते जुलै १९८८ या काळात दूरदर्शनवर 'रामायण' मालिका दाखवली गेली. रविवारी सकाळी स्नान करून, दूरचित्रवाणी संचाला हार घालून लोक तिच्यापुढे बसत. त्या भाविकतेची तथाकथित विचारवंतांनी पुष्कळ टिंगल केली. परंतु १९९१ च्या निवडणुकीत त्याच मालिकेतील सीतेची भूमिका करणाऱ्या दीपिका चिखलिया आणि रावणाची भूमिका करणारे अरविंद त्रिवेदी हे दोघेही लोकसभेवर निवडून गेले. मतदारांनी रावणाला नव्हे, नटाला निवडून दिले. खेड्यापाड्यातील सामान्य माणसाला भक्ती आणि अभिनय यांतील सीमारेषा कळत नव्हती असे कोण म्हणेल?

सूत्रधार गेला कोठे?

मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले आणि १९७३ साली सिंहगडावरील केंद्रामुळे पुणे परिसरात ते दिसू लागले. संच मोजक्या घरांत होते. एका घराच्या ओसरीवर अर्धी आळी जमत असे. आजोबा मध्येच काही बोलत, कोणी नटाचे खरे नाव सांगे, कोणी 'हे पाणी नसून काच आहे' असे म्हणून रहस्य फोडे. नकळत प्रत्येक ओसरीवर एक सूत्रधार बसलेला असे. केबल आली, खोल्याखोल्यांत संच गेले आणि आता मोबाईल आल्यावर मूल कानात बोंडे घालून एकटेच पाहते. पडद्याने नाटक घरात आणले आणि सूत्रधाराला बाहेर ठेवले.

त्याच सुमारास पडद्यावरील खोट्या-खोट्याची जागा खोटे घेऊ लागले. खरा धोका येथे आहे. उडणारा माणूस, बोलणारा उंदीर, जादूची पेन्सिल यांचे खोटेपण सात-आठ वर्षांच्या मुलाला सांगावे लागत नाही. सांगावे लागते ते जे खऱ्याचा वेष घेऊन येते त्याविषयी. पेय प्यायल्याने उंची वाढलेला मुलगा, गुन्ह्याच्या बातमीत मध्येच घुसवलेले 'नाट्यरूपांतर', गायनाच्या स्पर्धेतील क्षणोक्षणी लांबवलेला निकाल. २००८-०९ मध्ये 'सारेगमप लिटल चॅम्प्स' महाराष्ट्रात घरोघर पाहिले गेले आणि आळंदीच्या एका बालगायिकेने त्यात विजेतेपद मिळवले. त्या मुलांचे गाणे शंभर टक्के खरे होते. निकालापूर्वीचा तो श्वास रोखायला लावणारा विलंब मात्र रचलेला होता. एकाच कार्यक्रमात दोन्ही असतात, आणि नेमके हेच मुलाला सांगण्यासारखे असते.

इशाऱ्याच्या पाट्या असतात, असे वाहिन्या सांगतात. असतात खऱ्या! 'हे दृश्य तज्ज्ञांच्या देखरेखीखाली चित्रित केले आहे', 'पात्रे काल्पनिक आहेत'. परंतु ही वाक्ये बारीक अक्षरांत, बहुधा इंग्रजीत किंवा हिंदीत येतात आणि डोळ्याचे पाते लवते न लवते तोच निघून जातात. ज्याला या पाटीची सर्वाधिक गरज, त्याला अजून वाचताच येत नाही. अमेरिकन मानसशास्त्रीय संघटनेच्या अभ्यासगटाने २००४ साली सांगितले की आठ वर्षांखालील मुलांना जाहिरातीमागील विक्रीचा हेतू नीट उमगत नाही. स्वीडनने तर १९९१ पासूनच बारा वर्षांखालील मुलांना उद्देशून दूरचित्रवाणीवर जाहिराती करण्यास बंदी घातली. आपल्याकडे २०२२ साली दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींविषयी केंद्र सरकारची मार्गदर्शक तत्त्वे आली आणि त्यांत मुलांचा स्वतंत्र विचार आहे, ही समाधानाची बाब. मात्र नियमांच्या मर्यादाही दिसून आल्या आहेत. २०१० च्या नोव्हेंबरात 'बिग बॉस' रात्री अकरानंतरच दाखवावा, असा आदेश माहिती व प्रसारण मंत्रालयाने काढला. वाहिनी मुंबई उच्च न्यायालयात गेली आणि आदेशाला स्थगिती मिळाली. आता तर रात्रीचे अकरा आणि दुपारचे दोन यांत मोबाईलला फरकच उरलेला नाही.

मावळातील मातीचा आखाडा

नव्वदच्या दशकात परदेशी 'कुस्ती'चे वेड आपल्या मुलांत शिरले. त्या पहिलवानांच्या चित्रांचे पत्ते मुले जिवापाड जपत. ती झुंज खरी की खोटी यावर शाळेच्या मधल्या सुटीत हमरीतुमरी होई. गंमत अशी की हा वाद त्या कंपनीने स्वतःच मिटवलेला होता. १९८९ साली अमेरिकेतील न्यू जर्सी राज्याच्या विधिमंडळापुढे, खेळांवरील सरकारी नियंत्रणातून सुटका मिळावी म्हणून, आपला कार्यक्रम ही स्पर्धा नसून करमणूक आहे असे तिने मान्य केले होते. कायद्यापुढे खरे बोलायचे आणि मुलांपुढे ते झाकून ठेवायचे! खोटे-खोटे आणि खोटे यांतील अंतर याहून स्पष्टपणे कोणते उदाहरण दाखवील?

मावळातील मुलाला याचा पडताळा पाहण्यासाठी न्यू जर्सीला जावे लागत नाही. चैत्र-वैशाखात गावोगावच्या यात्रा भरतात आणि यात्रेत कुस्त्यांचा आखाडा असतो. तेथे पाठ मातीला लागली की कुस्ती संपते. पडलेला पहिलवान उठतो तेव्हा त्याच्या अंगावर खरी माती असते, श्वास खरा फुललेला असतो आणि जिंकलेला त्याला मिठी मारतो. डोक्यात खुर्ची घातल्यावरही दोन मिनिटांत ताजातवाना होणारा पडद्यावरील मल्ल या मुलाला मग आपोआप कळतो. ज्याने खरे पाहिले आहे त्यालाच खोटे ओळखता येते. मुलांना पडद्यापासून दूर ठेवण्याचा विचार करण्यापूर्वी त्यांना खऱ्याच्या जवळ नेण्याचा विचार व्हायला हवा.

घरातील सूत्रधार

अनेक सुजाण कुटुंबांनी संचच बंद करण्याचा मार्ग धरला. त्यांचा हेतू चांगला आहे. परंतु शेजारच्या घरातील संच आणि मित्राच्या हातातील मोबाईल बंद करता येत नाही. दुसरे टोक म्हणजे 'ते सगळे खोटे असते' असे एका वाक्यात उडवून लावणे. त्याने मुलाच्या हातून खोटे-खोटेही हिसकावले जाते. मूल जेव्हा विचारते, 'रामाचा बाण खरा का?', तेव्हा त्या प्रश्नाची तीन उत्तरे वेगवेगळी द्यावी लागतात. बाणातून निघणारी आग कॅमेऱ्याची करामत आहे. धनुष्य धरणारा माणूस नट आहे. आणि ज्या रामाची ही कथा आहे, त्याच्या वचनपालनाशी आपल्या घराचे नाते आहे. करामत उघड केल्याने श्रद्धेला धक्का लागत नाही. करामतीलाच श्रद्धा समजण्याची चूक मात्र टळते.

यासाठी फार विद्वत्ता लागत नाही. औद्योगिक वसाहतीत तीन पाळ्यांत राबणाऱ्या आई-वडिलांना रोज मुलाशेजारी बसणे जमणार नाही, हे मान्य. आठवड्यातून एक कार्यक्रम तरी सोबत पाहता येईल. घरात आजी असेल तर तिने. नसेल तर मोठ्या भावंडाने. पाहताना तीनच प्रश्न विचारावेत. हे कोणी केले असेल? कशासाठी केले असेल? आणि कॅमेरा कोठे ठेवला असेल? तिसरा प्रश्न मुलांना विलक्षण आवडतो, कारण त्याने ती प्रेक्षकाच्या जागेवरून उठून सूत्रधाराच्या जागेवर येतात. सुटीतील संस्कारवर्गांत, गणेशोत्सवात मुलांकडून एखादी नाटिका बसवून घ्यावी. घरच्या मोबाईलवर एखाद्या मुलाला भिंतीवरून 'पाडून' दाखवावे, म्हणजे उडी सतरंजीवरची आणि भिंत वेगळ्या वेळी टिपलेली. ज्याने एकदा असे दृश्य कापून जोडले, त्याला पुढे कोणीही सहजासहजी फसवू शकणार नाही.

मात्र सूत्रधाराला आधी स्वतः जागे असावे लागते. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या साह्याने कोणाचाही चेहरा आणि कोणाचाही आवाज आज हुबेहूब रचता येतो. अशी चित्रफीत कुटुंबाच्या गटावर शहानिशा न करता पुढे पाठवणारे बहुधा मूल नसते, तर घरातील कर्ता पुरुष असतो. ती आपल्या मताला पोषक आहे एवढ्यावरच तो तिला खरी मानतो. मूल हे पाहत असते. शहानिशा न करता पुढे पाठवणारा बाप 'दिसते ते सारे खरे नसते' असे मुलाला कोणत्या तोंडाने सांगणार?

लोणावळ्यातील ते घर पर्व संपले की मोडले जाई आणि पुढच्या वर्षी नव्या रंगात उभे राही. मावळातील घरे तशी नाहीत. तेथील भिंतींमागे कॅमेरे नाहीत, तेथील भांडणांना कोणी संगीत देत नाही आणि निकालासाठी कोणी श्वास रोखून बसत नाही. नवलाख उंबऱ्यातील असो वा पुण्या-मुंबईतील, मुलाला खऱ्याची पहिली ओळख आपल्याच घरात होते. ती ओळख पक्की करून देण्याचे काम कोणतीही वाहिनी, कोणताही कायदा आणि कोणतीही इशाऱ्याची पाटी करू शकणार नाही. आठवड्यातील एक संध्याकाळ त्यासाठी राखून ठेवणे प्रत्येक कुटुंबाला शक्य आहे. सुरुवात येत्या रविवारपासूनच व्हावी.